आवाज बंद ठेवून शिकलेला नाच

फेब्रुवारी उतरणीला लागला की पालममध्ये परीक्षा केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं पेपरच्या वेळेपुरती बंद होतात. शाळेच्या भिंतीबाहेर मोटारसायकलींची रांग लागते. लिंबाची पिवळी पानं त्यांच्या सीटवर पडत राहतात आणि पोरांचे बाप हातात पाण्याच्या बाटल्या धरून, स्वतःच पेपर देत असल्यासारखे घामाघूम उभे असतात. गावाबाहेर कुठंतरी हळद शिजत असते. तिचा ओला, मातकट वास दुपारच्या वाऱ्याबरोबर गल्लीत शिरतो.

यंदा आमच्या घरात कुणाचीच परीक्षा नाही. तरी परवा बाजारातून येताना ते बंद शटर दिसलं आणि माझा उजवा गुडघा आपोआप किंचित सैल झाला. मग डावा. हातात भाजीची पिशवी, रस्त्यानं ओळखीची माणसं, आणि मी तिथंच हसत उभी राहिले.

एखाद्या ऋतूची आठवण माणसाच्या अंगात नेमकी कुठं राहते, याचं मला मोठं कुतूहल आहे. कुणाच्या ती नाकात राहत असेल, कुणाच्या जिभेवर. माझ्या गुडघ्यांत राहिली आहे. कारण तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत, लेकीची बारावीची परीक्षा चालू असताना, मी घरच्या घरी बेली डान्स शिकले. मोबाइलवर बघून, आणि तोही आवाज बंद ठेवून.

घरात तेव्हा आम्ही तिघी. मी, माझी लेक शिवानी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आमचे हे येलदरीला, धरणावरच्या वीजकेंद्रात नोकरीला. पंधरा दिवसांनी एका शनिवारी यायचे, रविवारी संध्याकाळी परत जायचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग शिकवते. शिवानीच्या परीक्षेसाठी मी महिनाभराची बालसंगोपन रजा टाकली, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, “बाई, सतरा वर्षांच्या पोरीचं आता कसलं संगोपन?” पण सही केली.

प्रश्न काही चुकीचा नव्हता. शिवानीनं घराचे नियम वहीच्या पानावर लिहून फ्रिजला चिकटवले होते. टीव्ही बंद. मिक्सर सकाळी आठच्या आत. फोनवर बोलायचं तर गच्चीवर. तिच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता, त्यामुळं चमचा पडला तरी आतून “मम्मीऽऽ” अशी हाक यायची. मी रजा तिच्यासाठी घेतली होती आणि तिला माझा उपयोग एवढाच होता, की मी घरात असावं आणि कळू नये.

त्या रिकाम्या दुपारी मी मोबाइलवर कंबरदुखीचे व्यायाम शोधत होते. त्याच्या आदल्या वर्षी माझी पिशवी काढली होती. आमच्याकडं गर्भाशय असं कुणी म्हणत नाही, पिशवीच म्हणतात. बाजारात विसरून आल्यासारखं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. टाके भरले. परभणीच्या डॉक्टरीणबाई शेवटच्या तपासणीला म्हणाल्या, “सगळं छान आहे. आता हालचाल करा, कंबर मोकळी ठेवा.” पण मी पोटाकडं बघायचंच सोडून दिलं होतं. आंघोळ करताना हात तिथून घाईघाईनं पुढं जायचा. बेंबीखालची तळहाताएवढी जागा बधिर होती. साबण लागला तरी लागल्याचं कळायचं नाही. वर्षभर मी ह्यांच्यासमोर साडी बदलली नव्हती. ते काही म्हणाले नाहीत, मीही काही म्हणाले नाही. आत एक पोकळी झाली आहे, आणि जोरात चाललं तर ती वाजेल, असं काहीतरी मनात बसलं होतं.

तर व्यायामांच्या त्या गर्दीत एक बाई आली. चाळिशीची असावी, अंगानं भरलेली, कमरेला नारिंगी ओढणी बांधलेली, ओढणीला पितळी नाण्यांची झालर. मागं साधी भिंत, भिंतीपाशी एक कुंडी. खाली हिंदी अक्षरं उमटत होती, तीही यंत्रानं केलेली: ‘अब अपना कूल्हा गिरा दो.’ मला हसू आलं. कंबर पाडायची म्हणजे टाकायची कुठं? पण त्या बाईनं ते खरंच करून दाखवलं. खांदे स्थिर, मान स्थिर, चेहऱ्यावर चहा पिताना असतो तसला निवांतपणा, आणि एका बाजूची कंबर तेवढी वर जाऊन टपकन खाली आली. बाकीच्या अंगाला पत्ताच नव्हता. मी ते सात-आठ वेळा मागं नेऊन बघितलं. नाचावंसं वाटलं म्हणून नाही. हे होतं कसं, ते बघायचं होतं.

कपाटाच्या आरशासमोर पलंग, त्यामुळं त्यात मी छातीपर्यंतच दिसायचे. म्हणून ह्यांचा दाढीचा आरसा खुर्चीवर टेकवून ठेवला. त्यात उलटं झालं. फक्त मधला भाग दिसायला लागला, बरगड्यांपासून मांड्यांपर्यंत. चेहरा नाही. मला ते सोयीचं पडलं. चेहरा नसल्यामुळं ते पोट माझंच आहे असं मानायची सक्ती नव्हती. शिवानीची जुनी ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि मी त्या अनोळखी बाईच्या पोटाकडं वर्षानं पहिल्यांदा नीट बघितलं.

पहिले तीन दिवस कंबर हललीच नाही. हलायचे ते खांदे. मग एका दुपारी मी त्या बाईच्या कमरेकडं बघायचं सोडून खाली बघितलं आणि शोध लागला, की ती कंबर हलवतच नव्हती! गुडघा ताठ करत होती, मग सोडत होती. कंबर बिचारी गुडघ्याचं ऐकत होती. मला गणित सुटल्यासारखं झालं. संगीत नव्हतंच, म्हणून मी पाढ्यांवर धरलं. बे एके बे, उजवी. बे दुणे चार, डावी. पंधराच्या पाढ्यापर्यंत गेले तोवर पिंडऱ्या थरथरत होत्या.

आवाज नव्हता आणि यंत्राच्या हिंदीचा भरवसा नव्हता, त्यामुळं त्या हालचालींची खरी नावं मला कळली नाहीत. मीच ठेवली. दोन्ही हात भरलेले असताना कंबरेनं कपाट लावतो, त्याला ‘कपाट’. दोन्ही गुडघे भराभर मागं-पुढं करून सगळं अंग थरथरवायचं, त्या ‘लाह्या’. एका धड्यात ती बाई कमरेनं आठचा आकडा काढायला सांगत होती. मी दुसरीची मास्तरीण. आठ म्हटल्यावर माझी कंबर मराठी आठ काढायला निघाली, आणि वरून निघून खाली येऊन तिथंच अडकली. आपल्या ‘८’ला परतीची वाटच नाही. दोन दिवस घोळ घातल्यावर लक्षात आलं, की तिचा आठ इंग्रजी आहे. मग मी मराठी चार घेतला. आपल्या ‘४’ची वरची दोन टोकं जोडली की तोच आकडा होतो. चार काढत काढत मला आठ आला.

त्यानंतर मला सगळीकडं कंबराच दिसायला लागल्या. किराणा आणायला एकदा गंगाखेडला गेले, तर एसटीत माझं सगळं लक्ष कंडक्टरकडं. गाडी खड्ड्यातून जात होती, लोक एकमेकांवर आदळत होते, आणि तो मधोमध काहीही न धरता तिकिटं फाडत उभा. बघितलं तर गुडघे सैल. त्याला कुणी शिकवलं असेल? माणसं कितीतरी गोष्टी अंगानं करत असतात आणि त्यांना त्या येतात हे त्यांना माहीतच नसतं.

आत्याबाईंना कळलं ते आठवड्यानंतर. दुपारी त्या पुढच्या खोलीत आडव्या व्हायच्या. त्या दिवशी उठून कधी दारात येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. मी लाह्या फोडत होते.

“काय करायलीस गं?”

“व्यायाम, आत्याबाई. कंबर दुखायलीय.”

“कंबर दुखल्यावर इतकी हालवतेत व्हय?” म्हणत त्या आत आल्या आणि पलंगावर बसल्या. मोबाइल हातात घेऊन डोळ्यांपासून लांब धरला. “ही कुठली बाई?”

“लांबची हाय. अरबस्तानाकडची असंल.”

“घुंगरं कमरंला बांधल्यात तिनं. पायात बांधायची सोडून.” मग बराच वेळ बघत राहिल्या. “लेकरं असतील का गं तिला?”

“असतील की.”

“पोट बघ ना तिचं. लेकरं झालेलं पोट हाय. लपवायली न्हाई.”

मी आवाज खाली ठेवून म्हणाले, “लोकांनी बघितलं तर काय म्हणतील, आत्याबाई?”

“रानात तण निंदायला वाकल्यावर आमची पोटं उघडीच असायची. कोण येऊन बघत हुतं?”

आत्याबाई रोज सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इष्टलिंग तळहातावर घेऊन अर्धा तास बसतात. त्या वेळी त्यांची पापणीसुद्धा लवत नाही. तशाच नजरेनं त्या आता त्या बाईच्या पोटाकडं बघत होत्या. धडा पोटाच्या लाटेचा होता. पोट खालून वर, वरून खाली, पाण्यासारखं वाहत होतं. तो धडा मी रोज टाळून पुढं जायचे. माझ्या पोटात हलायला कुणी राहतच नव्हतं.

“हे तर मला येतंय,” आत्याबाई म्हणाल्या.

मला वाटलं चेष्टा करताहेत. त्या स्वयंपाकघरात गेल्या, डब्यातून एक चिंचोका घेऊन आल्या आणि पलंगावर उताण्या झाल्या. लुगडं थोडं खाली सारून चिंचोका बेंबीत ठेवला. “लहान असताना आमी पोरी दुपारच्याला गोठ्यात निजून हे खेळायचो. जिचा चिंचोका बरगडीपस्तोर जाईल ती राणी. माझी माय लय मारायची.”

एकाहत्तर वर्षांचं ते सुरकुतलेलं, मऊ पोट एकदा थरथरलं. मग बेंबीखाली एक लाट उठली आणि चिंचोका बाहेर आला. पडला नाही. दुसरी लाट. तो दोन बोटं वर सरकला. मी पलंगाशी गुडघ्यांवर बसले होते. चिंचोका बरगडीशी जाऊन थांबला आणि आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं. राणीनं बघावं तसं.

“तुमी कसं केलंत?”

“तू पोट वढून धरतीस. वढायचं नसतंय. श्वास सोड, अन् त्याला जाऊ दे.”

नंतर गच्चीवर जाऊन मी तो धडा पहिल्यांदा आवाज लावून ऐकला. माझं इंग्रजी बेताचं, पण समजलं. ती बाईही तेच सांगत होती.

मग आमचा दोघींचा रोजचा तास सुरू झाला. मी पडून चिंचोका ठेवायचे, तो घरंगळून चादरीवर पडायचा. आत्याबाई तो उचलून परत ठेवायच्या. बोलणं खुणांनी, हसणं पदर तोंडात कोंबून. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली होती, आणि आम्ही दोघी एवढ्या जवळ पहिल्यांदाच बसलो होतो.

फिजिक्सच्या आदल्या दिवशी शिवानी पाणी प्यायला बाहेर आली आणि तिनं आम्हाला तसं पकडलं. मी उताणी, पोट उघडं, आत्याबाई वाकून बघताहेत.

“तुमी दोघी काय करायलात?”

मी गडबडीनं उठून सांगायला लागले, पण तिनं ऐकून घेतलं नाही. “उद्या माझा पेपर हाय. मला म्हणायचं अभ्यास कर, अन् तुमी इथं नाचायलात? कुणी बघितलं तर मला वर्गात तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?” तिचे डोळे भरून आले होते. पडदा ओढून ती आत गेली.

मी ओढणी सोडून घडी घातली. आरसा परत बेसिनवर लावला. फिजिक्सचा पेपर बरा गेला. मी परत ओढणी काढली नाही. पण अंग विसरायला तयार नव्हतं. भांडी घासताना गुडघे आपोआप सैल व्हायचे आणि मी ते ताठ करायचे. कशाचीतरी सुरुवात झाली होती आणि मी तिला दाराबाहेर उभं केलं होतं.

केमिस्ट्रीचा पेपर वाईट गेला. शिवानी सगळ्यांच्या शेवटी गेटातून बाहेर आली. घरी आल्यावर गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिली. दिवेलागणीला मी भाकरी करत होते, तेव्हा येऊन ओट्याला टेकली.

“पंधरा मार्कांचं लिहायचं सुटलं, मम्मी.”

“सुटू दे.”

“सुरुवातीला काही सुचलंच न्हाई. पोटात गोळा आला. मग मी आजीसारखं केलं.”

“आजीसारखं म्हंजे?”

“श्वास सोडला अन् पोटाला जाऊ दिलं. दोन-तीनदा. मग लिहायला लागले.” माझ्या तोंडाकडं बघून तिला हसू आलं. “पडद्याआडनं सगळं दिसतंय. चिंचोका पहिल्याच दिवशी बघितलाय मी.”

“मग त्या दिवशी इतकी वरडलीस कशाला?”

ती ओट्यावरच्या पिठात बोट फिरवत राहिली. “मला बी यावं वाटत हुतं तुमच्यात. अन् मला पेपर हुता.”

मी तव्याखालचा गॅस बंद केला. ती म्हणाली, “मम्मी, तुझे टाके दाखव ना. मी कधी बघितलेच न्हाईत.”

मी कुणालाच दाखवले नव्हते. पण तिनं ते प्रयोगशाळेत बघायला मागावं तसं, साध्या कुतूहलानं मागितलं. मी निऱ्या जरा खाली केल्या. तिनं त्या आडव्या रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू बोट फिरवलं.

“कळतंय का?”

“इथं न्हाई. इथं न्हाई. हां, इथं कळतंय.”

“म्हंजे मी जिथं हुते, ती जागाच आता न्हाई?”

“न्हाई.”

मग मी तिला सांगितलं, जे वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणाले, “मला वाटतंय आत पोकळ झालंय. म्हणून ते हालत न्हाई.”

“पोकळ?” ती एकदम ताठ उभी राहिली. परातीतलं मूठभर पीठ ओट्यावर पसरलं आणि बोटानं आकृती काढायला लागली. “हे बघ. ही पिशवी. ही काढली. हे सगळं आतडं, आतडं किती लांब असतंय मालूम हाय का तुला? जरा जागा मिळाली की लगेच खाली सरकतंय. पोकळ बिकळ काही नसतंय, मम्मी. सगळं भरलेलं हाय.”

“नक्की?”

“पुढचा पेपर बायोलॉजीचाच हाय. मला नसंल मालूम तर कुणाला असंल?”

मी त्या पिठातल्या आकृतीकडं बघत राहिले. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं होतं, पण हे मी विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं हेच सुचलं नव्हतं. एक वर्ष मी भरल्या घराला कुलूप लावून, आत कुणी नाही म्हणत बाहेर बसले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी चिंचोका ठेवला. तो बेंबीतून निघाला, एक बोट वर सरकला आणि मग पडला. आत्याबाईंनी माझ्या पाठीत एक धपाटा घातला. पडद्याआडून टाळी वाजली, एकच, आणि लगेच पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज आला.

शिवानीला डॉक्टर व्हायचं होतं, तेवढे मार्क पडले नाहीत. महिनाभर रडली, मग परभणीला कृषीला गेली. आता फोनवर मला मातीचे प्रकार सांगते.

त्याच वर्षी मे महिन्यात पिंगळीला माझ्या नणंदेच्या मुलीचं लग्न होतं. हळदीला बायांनी अंगणात फेर धरला, कुणीतरी स्पीकर लावला आणि मला ओढलं. आजवर मी अशा वेळी हळदीचं ताट धरून कडेला उभी राहायचे. त्या दिवशी उतरले. गाणं माझ्या पाढ्यांपेक्षा फार जोरात धावत होतं. पहिल्या कडव्याला मी पार गोंधळले. मग पायांखालची माती जाणवली, गुडघे सैल झाले आणि कंबरेनं आपली वाट धरली. बाया टाळ्या वाजवत बाजूला सरकल्या. “अगं बया, मास्तरीणबाईला काय झालं!” कुणीतरी ओरडलं. आत्याबाई खुर्चीवरून मोठ्यांदा म्हणाल्या, “आमच्या घरात शिकलीय ती!” मी गरकन वळले, तर दारात हे. खांद्यावर पाण्याचा जार, आणि तो खाली ठेवायचं भान नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न लागल्यावर आत्याबाई आणि शिवानी मागं राहिल्या. आम्ही दोघं निघालो, गंगाखेडपर्यंत रेल्वेनं आणि पुढं एसटीनं जायचं होतं. पिंगळीच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो. उन्हं उतरली होती, पण बाकडं अजून तापलेलं होतं.

“हे कधी शिकलीस?” त्यांनी रुळांकडं बघत विचारलं.

“शिवानीची परीक्षा चालू हुती तवा.”

“घरात?”

“हं.”

“मी शनिवारी यायचो तवा न्हाई दिसलं कधी.”

“तवा मी बंद ठेवायचे.”

“का?”

मी बोटातली अंगठी फिरवत बसले. शेवटी म्हणाले, “तुमाला आवडंल का न्हाई, मालूम नव्हतं.”

ते परत रुळांकडं बघायला लागले. मला वाटलं विषय संपला. मग त्यांनी विचारलं, “ते एकाच बाजूचं कसं काय हालतंय?”

मी बघितलं, तर ते बसल्या जागी खरंच प्रयत्न करत होते. सगळं बाकडं हलत होतं.

“खांदे हालायलेत तुमचे,” मी दुसरीच्या वर्गात बोलते तशी म्हणाले.

“मग काय करू?”

“बसून न्हाई जमत. उभं ऱ्हावं लागतंय, अन् गुडघे ढिले सोडावे लागतेत.”

त्यांनी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. सगळ्या फलाटावर आम्ही दोघं आणि खांबाला बांधलेली कुणाचीतरी शेळी. त्यांनी हातातली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि उठून उभे राहिले.